गिरणगावातील घरगुती खानावळ

ज्या कुटुंबाला आपल्या वस्तीत लहानशी खानावळ उघडावयाची आहे, त्याने मुंबईच्या गिरणगावाचा पूर्वेतिहास अवश्य अभ्यासावा. कोकण, सातारा, कोल्हापूर या मुलखांतून आलेला गिरणीकामगार आपला संसार गावी ठेवून लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत अनेकांसह राहत असे. आणि तेथीलच एखादी गृहिणी, घरच्या तुटपुंज्या मिळकतीला हातभार लागावा म्हणून, त्याला दरमहा ठरावीक रकमेत दोन्ही वेळचे जेवण देत असे.

जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत, परंतु धान्य, तेल व रॉकेल मात्र आधीच आणावे लागे. ही तफावत भरून काढण्याकरिता वाण्याची उधारी आणि सावकाराचे जबर व्याजाचे कर्ज तिच्या माथी बसे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना संघटित केले आणि, तारणाऐवजी परस्परांची हमी पुढे करून, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले.

यावरून बोध स्पष्ट होतो. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 अन्वये आवश्यक ती नोंदणी वा परवाना तर घ्यावाच. शिवाय किमान महिनाभराच्या शिध्याचे भांडवल बाजूस काढावे, घरखर्च व धंदा यांचे हिशेब स्वतंत्र ठेवावेत आणि चुलीपाशी राबणाऱ्या स्त्रीच्या श्रमांचे मोल जमाखर्चात अगत्याने नोंदवावे.