विमानाचे तास आणि वाटेचे तास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायचा आग्रह झाला तेव्हा मी विषय विचारला. “काहीही बोला” असे उत्तर मिळाले! तेव्हा जो हिशेब आपल्यापैकी पुष्कळजणींना कधी ना कधी करावा लागतो, तोच मांडते. लंडनला असलेले आपले माणूस मनोरीत पोहोचायला किती वेळ लागतो?

आकाशमार्गे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. पूर्वी सुएझमार्गे बोटीने दोन-तीन आठवडे जात. आपल्या जवळच्या जुहूला 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन लहानशा विमानातून उतरले, तेव्हा तेवढ्याचेही केवढे अप्रूप होते. पुढे 8 जून 1948 च्या रात्री एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत 10 तारखेला सकाळी लंडनला पोहोचले. 1960 साली जेट विमाने आली आणि वेळ आणखी घटला. आता मध्ये न थांबणाऱ्या विमानाला जाताना दहा तासांच्या आसपास लागतात, येताना तासभर कमी. उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतो. भरतीबरोबर होडी खाडीत लवकर शिरते, तसेच हे.

घड्याळाची मात्र निराळीच गंमत. लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तासच.

माझ्या सासूबाई गेल्या त्या मे महिन्यात, पहाटे पाच वाजता. धाकटे भावजी लंडनला. फोनवर म्हणाले, “वहिनी, आईला माझ्यासाठी ठेवा, नऊ तासांचे तर विमान आहे.” घरात सगळे पाचात नऊ मिळवून बसले, म्हणे दुपारी दोनला येईल, चारला नेऊ. मी कॅलेंडरच्या पाठीवर मांडून दाखवले. आपले पाच म्हणजे तिथे मध्यरात्रीचे साडेबारा. तिकीट मिळाले ते तिथल्या रात्री नऊच्या विमानाचे, म्हणजे आपल्या रात्री दीडचे. त्यात नऊ तास, सकाळचे साडेदहा. पासपोर्ट आणि सामानाला एक तास. तिथून मालाडवरून मार्वेला दीड-दोन तास, मग तर. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारचा दीड! नऊचे झाले साडेबत्तीस.

वडीलमंडळी म्हणाली, उन्हाळ्यात इतका वेळ ठेवू नये. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मोठे दीर कागद बघून म्हणाले, वेळ ठाऊक झाली ना, मग सोय करू. मालाडहून बर्फाच्या लाद्या तरीने आणल्या, दोनदा बदलल्या. दुसऱ्या दिवशी पावणेदोनला भावजी धक्क्यावर उतरले. त्यांनी आईचे तोंड पाहिले.

एक गोष्ट आपल्या गावापुरती. विमान रात्री उशिरा उतरत असेल तर तर बंद झालेली असते. मग भाईंदर, उत्तन असा वळसा घालून यावे लागते. आठ-दहा मिनिटांची खाडी, पण तिच्यासाठी दीड-दोन तास वाढतात. म्हणून मुलांना विमान किती वाजता सुटते एवढेच विचारू नका. उतरते किती वाजता आणि ती वेळ कुठल्या घड्याळाची, हेही विचारून घ्या. कुणाला असा हिशेब मांडून हवा असेल तर दुपारी चारनंतर मी घरीच असते. तिकीट तेवढे बरोबर आणा.