आर्ची शेप यांची जबानी



साहित्याच्या या व्यासपीठावरून एका सॅक्सोफोनवादकाविषयी बोलण्याची मुभा आपण मला द्याल, अशा भरवशावर मी उभा आहे; कारण शब्द आणि स्वर यांची दप्तरे आपण निरनिराळ्या कपाटांत ठेवीत आलो असलो, तरी अमेरिकेतील आर्ची शेप यांचे वादन ऐकू लागल्यापासून त्या कपाटांच्या कुलपांवरील माझा विश्वास उडाला आहे.

1937 साली फ्लॉरिडात जन्मलेले आणि फिलाडेल्फियात, बँजो वाजविणाऱ्या वडिलांच्या सान्निध्यात वाढलेले शेप महाविद्यालयात गेले ते संगीतासाठी नव्हे, नाट्यविद्येसाठी. व्हरमाँटमधील गॉडर्ड महाविद्यालयातून 1959 साली बाहेर पडून ते न्यूयॉर्कला आले, पियानोवादक सेसिल टेलर यांच्या समूहात दाखल झाले, आणि त्याच समूहाबरोबर 'द कनेक्शन' या नाटकाच्या रंगमंचावर वाजवू लागले. पुढे त्यांनी स्वतः नाटके लिहिली, गायिका बिली हॉलिडे यांच्यावरील आयेशा रहमान यांच्या 'लेडी डे' या नाटकाला संगीत दिले, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुमारे तीन दशके अध्यापन केले. ही नामावळी ऐकून कोणी 'बहुमुखी प्रतिभा' हा ठेवणीतला शब्द काढील. मला तो मान्य नाही, कारण त्यात अनेक मुखे गृहीत धरली आहेत, आणि येथे बोलणारे मुख एकच आहे.

21 फेब्रुवारी 1965 रोजी न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांची हत्या झाली, आणि तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, 9 मार्चला, 'फायर म्युझिक' या तबकडीसाठी शेप ध्वनिमुद्रणास उभे राहिले. त्या दिवशी मुद्रित झालेल्या, माल्कम यांच्यावरील रचनेत प्रथम ऐकू येतो तो त्यांचा बोलण्याचा आवाज. आपलीच कविता ते म्हणतात, आणि ती संपते तेथून तीच जबानी टेनर सॅक्सोफोन पुढे चालवितो. साथीला डेव्हिड आयझेन्झन यांचा बास आणि जे. सी. मोझेस यांचे ड्रम, याहून अधिक कोणी नाही. ओठांशी धरलेल्या वेताच्या पातळ पट्टीवरून जाणारा श्वास स्वर होण्याआधी क्षणभर नुसता श्वासच राहतो, स्वराच्या कडेला खरखर उरते, मध्येच तो दाटून तुटतो. नटाला वाक्य कोठे तोडावे हे ज्या शिक्षणाने कळते, ते येथे वाद्यात उतरले आहे, असे माझे ठाम मत आहे.

न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅटिका तुरुंगात 1971 साली झालेल्या उठावावर त्यांनी पुढल्याच वर्षी 'अ‍ॅटिका ब्लूज' सिद्ध केले, तेव्हा त्यातील निवेदन विल्यम कुन्स्लर या वकिलाच्या मुखी दिले. त्या उठावात कैद्यांच्या बाजूने वाटाघाटींत उतरलेला माणूसच तेथे बोलतो, ही योजना नाटककाराचीच.

आणि मग 1977 साली, कोपनहेगनमध्ये, हाच प्रक्षोभाचा वादक होरेस पार्लन यांच्या पियानोच्या सोबतीने गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली भक्तिगीते वाजवितो. पार्लन यांचा उजवा हात बालपणीच्या पोलिओने अंशतः निकामी झालेला. त्यामुळे बरेचसे काम डाव्या हाताकडे, आणि स्वरांमध्ये मोकळी जागा अधिक. शेप ती जागा भरून काढीत नाहीत. ते थांबतात, सोबत्याचे म्हणणे पुरते होऊ देतात, आणि मगच बोलतात.

पार्लन यांच्यासोबतची ती 'गोइंग होम' ही तबकडी मी बरोबर आणली आहे. भोजनोत्तर ती या मंडपातच लावण्यात येईल. ज्यांना थांबणे शक्य असेल त्यांनी अवश्य थांबावे, अशी माझी विनंती आहे.