लखनौ करार : देवाणघेवाण आणि तिचे मोल



१९१६ च्या डिसेंबरअखेर राष्ट्रीय सभा आणि मुस्लिम लीग यांची अधिवेशने लखनौ येथे भरली आणि दोन्ही संस्थांनी राजकीय सुधारणांचा एकच मसुदा मान्य केला. त्यालाच आपण लखनौ करार म्हणतो. राज्यकर्त्यांना मध्यस्थ न करता या दोन संस्थांनी आपसांत केलेला हा करार स्वातंत्र्यलढ्यातील एक महत्त्वाचा टप्पा होय.

या कराराची पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. १९०७ साली सुरतेस राष्ट्रीय सभेत फूट पडली होती. मंडालेचा कारावास भोगून लोकमान्य टिळक १९१४ साली परतले आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे त्यांनी होमरूल लीग स्थापन केली. त्याच वर्षी त्यांच्यावर पुन्हा खटला भरण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली आणि नोव्हेंबरमध्ये टिळक निर्दोष ठरले. पुढच्याच महिन्यात लखनौस लीगचे अध्यक्षपद जिनांकडे होते, तर टिळक नऊ वर्षांनी राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर परतले होते.

करार म्हटला की देणे आणि घेणे आलेच. मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघांची योजना १९०९ च्या कायद्याने आली होती. राष्ट्रीय सभेने ती आता स्वीकारली. पंजाबात मुसलमानांची लोकसंख्या सुमारे ५५ टक्के होती. त्यांनी निवडून द्यावयाच्या भारतीय सभासदांपैकी ५० टक्के जागा पत्करल्या. बंगालमध्ये ती सुमारे ५२ टक्के असून वाटा ४० टक्क्यांचा ठरला. उलट संयुक्त प्रांतात १४ टक्के लोकसंख्येला ३० टक्के, तर मुंबई इलाख्यात सुमारे २० टक्क्यांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. कोणत्याही एका समाजाच्या तीन चतुर्थांश सभासदांचा विरोध असेल, तर त्या समाजाशी संबंधित विधेयक पुढे नेऊ नये, असेही ठरले.

या देवाणघेवाणीमागे मोठी मागणी होती. कायदेमंडळांतील चार पंचमांश सभासद निवडलेले असावेत, कार्यकारी मंडळांतील निम्मे सभासद भारतीय असावेत आणि भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीतून दिला जावा, अशी ती मागणी होती. हिंदूंनी फार दिले, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पंडित मदनमोहन मालवीयांचा या तडजोडीस विरोध होता. टिळकांचा युक्तिवाद वेगळा होता. स्वराज्याचे अधिकार केवळ मुसलमानांना दिले तरी चालतील. कारण मग तिरंगी लढा दुरंगी होईल, असे त्यांनी निःशंकपणे सांगितले. अधिकार परक्याच्या हातून सुटणे हे त्यांच्या दृष्टीने प्रथम होते; त्यांची आपसांतील वाटणी हा त्यानंतरचा प्रश्न.

पुढे काय झाले? १९१९ च्या कायद्याने विभक्त मतदारसंघ कायम ठेवले आणि जागांच्या वाटणीत लखनौच्या प्रमाणांचा बहुतांशी आधार घेतला. परंतु ज्या सत्तेसाठी ही तडजोड झाली, ती मात्र दिली नाही. प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली आणि महत्त्वाची खाती गव्हर्नरकडे राखीव राहिली. साध्य हाती न आल्यामुळे साधनच रूढ झाले. १९२८ च्या नेहरू अहवालाने विभक्त मतदारसंघ रद्द करण्याची शिफारस केली, तोवर मने दुरावली होती.

म्हणून या कराराकडे केवळ भाबड्या ऐक्याचे स्मारक म्हणून किंवा केवळ चूक म्हणून पाहणे न्यायाचे होणार नाही. परस्परांवर विश्वास ठेवून स्वतःच्या वाट्यातून देण्याची तयारी दोन्ही बाजूंनी दाखविली, ही त्याची थोरवी. समाजासमाजांना वेगळे मोजणारी व्यवस्था तात्पुरती म्हणून स्वीकारताना तिच्या अखेरीची मुदत ठरविली नाही, ही त्याची उणीव. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने संयुक्त मतदारयादी स्वीकारली आणि अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांनाही आरंभी १० वर्षांची मुदत घातली. ती मुदत पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली. पण प्रत्येक वेळी संसदेला त्या प्रश्नाचा नव्याने विचार करावा लागला. सलोख्यासाठी काय द्यावयाचे, याबरोबरच ते कोठवर द्यावयाचे, हेही करार करतानाच ठरवावे लागते, हाच लखनौ कराराचा बोध आहे.