वांगाचे डाग आणि घरातील मलमे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला-सभेपुढे केलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘चेहऱ्यावरील डाग’ हा निरुपद्रवी विषय दिला आहे. वधूवर-सूचीतील ‘वर्ण’ या रकान्याविषयी मी बोलावे, अशी त्यांची अपेक्षा नसावी. परंतु माझ्या दवाखान्यात हे दोन्ही विषय एकाच खुर्चीवर येऊन बसतात.

गालांवर व कपाळावर उमटणाऱ्या तपकिरी चट्ट्यांस आपण वांग म्हणतो. ते अस्वच्छतेने होत नाहीत. ऊन, गर्भारपण, संततिनियमनाच्या गोळ्या व आनुवंशिकता यांमुळे त्वचेतील रंगपेशी अधिक रंगद्रव्य निर्माण करू लागतात. १९७५ साली क्लिगमन व विलिस या अमेरिकन वैद्यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व एक स्टिरॉइड यांचे मिश्रण प्रसिद्ध केले. त्या धर्तीची मलमे आजही गुणकारी आहेत. मात्र ती केवळ डागांवर, रात्री, काही आठवडे आणि वैद्याच्या देखरेखीखाली लावावयाची असतात.

माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळे पाहणे सुरू होते. तिने दुकानातून असेच एक मलम आणले व “ताई, लावू का?” असे विचारले. मी परीक्षेच्या अभ्यासात होते. नळी न पाहताच “लाव” म्हटले. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला, घरची मंडळी संतुष्ट झाली. सहाव्या महिन्यात कातडी पातळ होऊन तांबड्या शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. मलम थांबविले की चेहऱ्याची आग होई, म्हणून ती पुन्हा लावी. त्यातून सुटावयास दोन वर्षे लागली. २०१८ साली सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांना वैद्याची चिठ्ठी सक्तीची केली. तरी ती कशी मिळतात, हे आपण जाणताच.

लेसरविषयी सर्वजणी विचारतात. आपल्या सावळ्या त्वचेवर लेसर किंवा आम्लाचा लेप जरा जोराचा झाला, तर डाग अधिकच गडद होतो. म्हणून मी आधी उन्हापासून रक्षण सांगते. दृश्य प्रकाशानेही हे डाग वाढतात. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेले रंगीत सनस्क्रीन अधिक बरे. एवढे करूनही वांग उन्हाळ्यात परततात. ‘कायमचे घालवू’ म्हणणाऱ्याची पायरी चढू नये.

माझी बहीण आज सभेस आली आहे. घरातील मलमे घेऊन येण्याची सूचना पत्रिकेत होतीच. नळीवरील बारीक अक्षर कसे वाचावे, हे ती चहाच्या वेळी दाखवील.