पायातले रक्त आणि ‘हलके काम’



मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही रक्तवाहिन्यांच्या रोगावर बोलायला उभा आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे.

आमच्या संघटनेचा एक जुना सभासद फाटकापासून गोदामापर्यंत जाताना तीनदा थांबे. कधी चहाच्या टपरीशी, कधी नोटिशीच्या फळ्यापुढे. पोटरीत गोळा येई. दोन मिनिटे उभे राहिले की दुखणे जाई. साहेबांनी त्याला कामचुकारपणाबद्दल मेमो दिला. जर्मन लोक या दुखण्याला ‘दुकानाच्या काचेचा आजार’ म्हणतात. रोगी लाजेखातर काचेतला माल पाहण्याचे सोंग करतो, म्हणून. आमच्या माणसाने फळ्यावरची एकच नोटीस वर्षभर वाचली!

कारण सरळ आहे. पायाला शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिण्या आतून अरुंद झाल्या, की बसलेल्या पायाला ते रक्त पुरते, चालत्या पायाला पुरत नाही. १८३१ साली फ्रान्समधील बुले नावाच्या पशुवैद्याने हे लंगडणे घोड्यात ओळखले. माणसातले वर्णन शार्को या डॉक्टराने केले ते १८५८ साली. घोड्याला बहुधा कोणी मेमो दिला नसावा.

मी भांडलो आणि त्याला ‘हलके काम’ मिळवून दिले. फाटकावर स्टूल. माझे हारतुरे झाले. वर्षभरात तो टपरीपर्यंतही एका दमात जाईना. पुढे एका डॉक्टरांनी मला समजावले, की त्याला बसवून ठेवले हाच अपाय. दुखणे चांगले जाणवेपर्यंत चालावे, थांबावे, ओसरले की पुन्हा चालावे. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, असे तीन महिने. विडी कायमची बंद. याने अंतर खरोखरच वाढते. मात्र हृदय तपासून घेतल्यावाचून आरंभ करू नये. आणि बसल्या जागी पाय दुखू लागला किंवा पायावरची जखम भरेना, तर विनाविलंब दवाखाना गाठावा.

म्हणजे त्याला स्टूल नको होते, वाटेत थांबण्याची मुभा हवी होती. ती मागण्याचे मला सुचलेच नाही; त्यालाही मी कधी विचारले नव्हते. आता आमच्या मागणीपत्रात ते कलम आहे. विडी सोडायला त्याला मेमोपेक्षा जास्त त्रास झाला. परवा तो टपरी ओलांडून थेट फळ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला, नोटीस न वाचता.