गोणीवरचं चित्र कुणाचं?

मी बंगळुरूत यशवंतपूरला राहतो. लेबलं, छाप, जाहिराती तयार करणं हे माझं काम. इथल्या मार्केट यार्डात महाराष्ट्रातला कांदा उतरतो, त्यामुळे मराठी बोलणारी गिऱ्हाइकंही भेटतात.

अशाच एका शेठना गोणीवर छापायला चित्र हवं होतं. मी एआयला दोन ओळी सांगितल्या: बैलजोडी, नांगर, मागे उगवता सूर्य. मिनिटभरात चित्र तयार. महिन्याभरात तेच चित्र दुसऱ्याच्या गोणीवर दिसलं. शेठ म्हणाले, "भाऊ, चित्र तुम्ही दिलंत. आता त्याला थांबवा." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग कायदा वाचला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती झाली. संगणकाने निर्माण झालेल्या कलाकृतीचा कर्ता कोण? तर जिच्यामुळे ती निर्माण झाली ती व्यक्ती. वाटलं, सुटलो! पण ती व्यक्ती म्हणजे दोन ओळी सांगणारा मी, की यंत्रणा बनवणारी कंपनी? हे तिथे लिहिलेलं नाही. शिवाय 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता हवी. माझी तर मेहनतही नव्हती.

2020 मध्ये अंकित साहनी यांच्या 'सूर्यास्त' या चित्राची नोंदणी झाली. त्यात 'राघव' हे एआय सहकर्ता होतं. वर्षभराने कॉपीराइट कार्यालयानेच नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. त्याच चित्राला अमेरिकेत 2023 मध्ये नकार मिळाला.

म्हणून आता मी चार गोष्टी पाळतो. मूळ रेखाटन हाताने करतो आणि कच्चे कागद तारखेसह जपून ठेवतो. एआय कुठे वापरलं ते गिऱ्हाइकाला आधीच लेखी कळवतो. 'सर्व हक्क तुमचे' असं डोळे मिटून लिहून देत नाही. आणि छाप ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला सांगतो. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात मुख्य प्रश्न चित्र कुणी काढलं हा नसतो. त्या खुणेवरून तुमचा माल वेगळा ओळखू येतो का, हा असतो.

शेठना मी नवी बैलजोडी हाताने काढून दिली, पैसे न घेता. एका बैलाचं शिंग वाकडं आहे, त्यांच्या घरच्या बैलासारखं. ते शेठनी सांगितलं, मी काढलं. आता कुणी विचारलं, की चित्र कुणाचं, तर माझ्याकडे उत्तर आहे.