व्हिसामुक्त प्रवेश : सवलत आणि सापळा



परदेशगमन वऱ्हाडाला नवे नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली, ऑलिंपिकच्या निमित्ताने, बर्लिनमध्ये कबड्डीची प्रात्यक्षिके सादर केली. देश तेव्हा पारतंत्र्यात होता. आज अमरावती आणि अकोला येथील टपाल कार्यालयातल्या सेवा केंद्रात अर्ज करून स्वतंत्र भारताचे पारपत्र मिळते, आणि काही देश त्यावर व्हिसाही मागत नाहीत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून व मलेशियाने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून भारतीय पर्यटकांना ही मोकळीक दिली.

नेपाळची गोष्ट निराळी. तेथील ये-जा ३१ जुलै १९५० च्या मैत्री कराराच्या आधाराने चालते व ती उभयपक्षी आहे. पशुपतिनाथाला निघालेल्या भारतीय यात्रेकरूला पारपत्र नसले तरी मतदार ओळखपत्र चालते. मात्र विमानाने जाणाऱ्या, १५ ते ६५ वयाच्या प्रवाशाला केवळ आधार कार्ड पुरत नाही. यात्रा नेणाऱ्यांनी हे तिकीट काढण्यापूर्वी सांगावे, विमानतळावर नव्हे!

इतर देशांची सवलत बहुधा एकतर्फी असते. देणारा देश ती केव्हाही मागे घेऊ शकतो. शिवाय व्हिसा नाही म्हणून तपासणी टळत नाही. जी दूतावासात व्हायची, ती विमानतळाच्या खिडकीवर होते, इतकेच. परतीचे तिकीट, निवासाचा पत्ता, खर्चापुरते पैसे यांची विचारणा होते आणि समाधान न झाल्यास अधिकारी प्रवाशाला आल्या पावली परत धाडू शकतो. नोकरी करण्याचा अधिकार तर या सवलतीत मुळीच नसतो.

नेमके येथेच दलालाचे फावते. रीतसर नोकरीच्या व्हिसासाठी मालक कोण, काम कोणते, करार कुठे, हे कोणीतरी विचारते. व्हिसामुक्त प्रवासात ही चाळणीच उरत नाही. ‘आधी पर्यटक म्हणून आत चला, कागद मागाहून करू’ असे सांगितले जाते. संगणकावरच्या नोकरीच्या आशेने थायलंडला गेलेले अनेक भारतीय तरुण माए सोतजवळची नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीत नेले गेले आणि तेथे त्यांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये भारताने अशा ५४९ जणांना वायुदलाच्या विमानांनी परत आणले. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना १५ दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला होता. नोकरीच्या किंवा पुढच्या देशात पोचवण्याच्या आमिषाने नेलेल्यांची तेथे खंडणीसाठी अपहरणे झाली आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून ती सवलत स्थगित झाली. दलालांच्या पापाचे प्रायश्चित्त प्रामाणिक पर्यटकांनाही घ्यावे लागले.

कपाशीच्या भरवशावर चालणाऱ्या घरातला मुलगा पदवी घेऊन बसला असेल, तर लाख-दोन लाख मागणाऱ्या दलालाचे बोलणे गोड वाटणारच. त्यात त्या मुलाला हसण्यासारखे काही नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत भरती संस्थांची यादी असते. पैसे देण्यापूर्वी दलालाचा नोंदणी क्रमांक मागावा, तो त्या यादीशी ताडून पाहावा आणि नोकरीचा करार व कामाचा व्हिसा हातात पडल्याखेरीज गावची एस.टी.सुद्धा पकडू नये.